उलट्या ओरखड्यांच्या प्लेटा

—छे हो दादा, इंजिनाला कशाला बोल लावता? इंजिन ठणठणीत आहे. वळणावर गाडी घसरते ती या मागच्या डिफरन्शियलमुळे. दोन्ही चाकांना जोर वाटून देणं हे याचं काम — आतल्या प्लेटा झिजल्या की एक चाक गरागरा फिरत बसतं आणि दुसऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं. बदलू की! घट्ट पकड देते, मग पळवा हवी तशी. बाईला जमेल का, असं बघू नका — गॅरेज आमच्या ह्यांचं, पण ते गेल्यापासून मीच चालवते. गेले म्हणजे — गाडी पुलावर सापडली, दार उघडं, खाली नदी. ते काही सापडले नाहीत. सासूबाई घराच्या त्या दारात वाट बघत बसायच्या, अन्नपाणी सोडलेलं. शेवटी मीच म्हटलं, आई, नदीनं नेलं त्यांना, आता वाट बघायची नाही. फार रडल्या. पण जेवायला लागल्या हो.

ह्यांच्याच हाताखाली शिकले मी. अजून कामाच्या टेबलाशी उभी राहिले की बाजूला सरकते, ह्यांचं कोपर लागेल म्हणून — डावखुरे ना! वेडेपणा, दुसरं काय. प्लेट बसवण्याआधी तिची कड कानशीनं घासायचे. कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं आपलं खूळ. त्यात डावा हात, म्हणून ओरखडे उलटे तिरपे. मी चिडवायचे, तुमचं सगळंच उलटं. हे बघा, असे—

थांबा हं. जरा दिवा धरा इकडे — तुमच्या गाडीतनं काढलेल्या या सगळ्या प्लेटांवर तसेच ओरखडे आहेत. पण ही प्लेटांची जात तर आत्ता आत्ता बाजारात आली, ते असताना नव्हतीच! दादा, हे काम कुणी केलं? नाव नको, नाव काय वाट्टेल ते सांगत असेल. डावखुरा आहे? काम करताना शीळ घालतो? मान काय हलवता, तोंडानं सांगा ना! —घालतो म्हणता?

जिवंत आहे मेला! कुठेतरी खातोय, पितोय, शीळ घालतोय — आणि मी त्या माउलीला पोरगा गेला म्हणून रडायला लावलं! आता काय सांगू तिला? तुमचा मुलगा आहे, फक्त तुमच्याकडे यायचं नाही त्याला? त्यापेक्षा नदी बरी होती हो.

—काय हो आई? नाही, कुणी नाही, गिऱ्हाईक आहे. रडतेय कुठं, रॉकेल उडालं डोळ्यात. पडून राहा तुम्ही.

गावाचं नाव सांगू नका मला. सांगितलंत तर मी जाईन, आणि गेले तर हा पाना त्याच्या डोक्यात घालीन. झाकण लावून देते, गाडी त्याच्याकडेच न्या. माझं काही बोलू नका, माझं चाललंय. एवढंच म्हणावं, आई आहेत अजून. —बघत काय राहिलात? जा, बाहेर उभे राहा जरा.