विश्रांतीचे दोन वार

(देऊळघाट. शाळेचे मैदान, दुपारचे साडेतीन. मुलींच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक महादेवराव. समोर चौदा वर्षांची योगिनी आणि तिची आई गीताबाई.)

गीताबाई: ते काही नाही, सर. आज सकाळी वेणी घालाले हिचा उजवा हात वर गेला नाही. मी घातली वेणी. तुमी माह्या लेकराकून किती चेंडू फेकून घेता, ते सांगा आधी.

महादेवराव: गीताबाई, आपला रोष मी मान्य करतो. परंतु ही वही पाहावी. या वयाच्या मुलीकडून दिवसाकाठी पन्नासांहून अधिक चेंडू टाकवून घ्यायचे नाहीत, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. एकावन्नावा चेंडू मी स्वतः तिच्या हातातून काढून घेतो.

योगिनी: खरं हाय, आई. सर लय कंजूस हायेत चेंडूचे.

महादेवराव: शिवाय मी तिला लोखंड उचलू दिलेले नाही. बैठका, पोटाचे व्यायाम, रबरी पट्टा ओढणे, एवढेच. चेंडूचा वेग पायांतून निघतो आणि कमरेतून वर येतो. हात हा त्यातला सर्वांत शेवटचा नोकर आहे.

गीताबाई: मंग नोकरच काऊन आजारी पडला?

महादेवराव: हाच प्रश्न मला गेले आठ दिवस अन्न गोड लागू देत नाही. हिचा चेंडू मंदावला आहे, हे मला दिसत होते. योगिनी, मी तुला विचारलेही होते.

योगिनी: मी म्हटलं होतं, दुखत नाही.

महादेवराव: आणि ते खरे होते?

योगिनी: थोडंसं खोटं होतं.

महादेवराव: थोडेसे म्हणजे किती?

योगिनी: कोपराच्या आतून. चेंडू सुटते तवा सुई टोचल्यावानी.

गीताबाई: पाह्य! अन् मले म्हणे, पाय घसरला, हातावर पडली.

योगिनी: परवा बुलढाण्याले निवड हाय. दुखते म्हटलं असतं, तं घेतलं असतं का कोणी मले?

महादेवराव: निवडीचे नंतर पाहू. गुरुवार आणि रविवार, हे दोन वार मी हाताच्या पूर्ण विश्रांतीसाठी राखलेले आहेत. त्या दिवशी तू काय करतेस?

योगिनी: काहीच नाही, सर. आराम.

गीताबाई: हाव, आरामच. वावरात तं बसून राह्यते.

महादेवराव: बसून काय करते?

गीताबाई: जवारी हुरड्यात आली नं, सर. पाखरं लय. खेळ नसते त्या दिवशी हिले मचाणावर पाठवतो. सावलीत बसाचं अन् गोफण फिरवाची. मेहनतीचं काम थोडीच हाय ते?

महादेवराव: गोफण!

योगिनी: ते खेळात कुठं धरतात, सर?

महादेवराव: दिवसभरात किती गोटे मारतेस?

योगिनी: कोण मोजते? दोनशे असतील. पाखरं जास्त आली तं... तीनशे.

महादेवराव: म्हणजे या वहीतली जी पाने मी समाधानाने कोरी सोडली, त्याच दिवशी हा हात सर्वाधिक राबला.

गीताबाई: मले काय मालूम, सर? मीबी लहानपणी गोफण फिरवली. माह्या कोपराले काही झालं नाही.

महादेवराव: आपण त्याच्या जोडीला आठवड्याला अडीचशे चेंडू टाकत नव्हता. आपला दोष नाही, माझा आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या वावराशेजारून जाताना मी हिला गोफण मारताना पाहिले आणि तेवढ्यावरूनच संघात घेतले. ज्या कामाने हा हात घडला, तेच काम मी मोजले नाही. मी मोबाईल पाहून आणि पुस्तके वाचून शिकलेला मनुष्य आहे, गीताबाई. पुस्तकात गोफण नव्हती.

योगिनी: असं नका बोलू, सर. आजपासून गोफण बंद. फक्त परवा खेळू द्या, मंग महिनाभर चेंडूले हात लावत नाही.

महादेवराव: तुझ्या वयात हाडांची टोके अजून वाढत असतात. ती जागा कोवळी असते. तिच्यावर पुनःपुन्हा ओढ बसली, तर कोपर जन्माचे अधू होऊ शकते. एका सामन्यासाठी...

योगिनी: एक सामना नोहे तो! विभागाच्या संघात घेतलं तं मी अमरावतीले जाईन. या शाळेतून आजवर कोणीच गेलं नाही. तुमीबी नाही गेले.

गीताबाई: योगे, तोंड सांभाळ!

महादेवराव: असू द्या. खरेच बोलली. यादी पाचच्या एसटीने जायची आहे आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, या जागेपुढे मी अजून कोणाचेच नाव घातलेले नाही. मलाही हिचेच लिहावेसे वाटते, म्हणून आज माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. योगिनी, दोन्ही हात समोर धर. तळवे वर. कोपरे पूर्ण ताण. दोन्ही सारखे सरळ झाले, तर तुझे नाव लिहितो.

योगिनी: एवढंच? हे घ्या.

महादेवराव: अजून ताण.

योगिनी: ताणले नं. दोन्ही सरळ. लिहा, सर.

महादेवराव: गीताबाई, आपण पाहा.

योगिनी: आई, सांग नं. सरळ हायेत का नाही?

गीताबाई: डावा हाय.

योगिनी: अन् उजवा? उजवाबी सरळच तं हाय! आई, नीट पाह्य नं.

गीताबाई: सर, दुसऱ्या पोरीचं नाव लिहा.