नव्वद सेकंदांची खिडकी

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मालक, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि एकशे बारा शाखांमधून आलेले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार. मी पहिल्या शाखेच्या खिडकीवरची. एकतीस वर्षं तिथेच आहे. बढती दोनदा चालून आली होती, दोन्ही वेळा मी गिऱ्हाइकांत होते.

अध्यक्षसाहेब म्हणजे मालकांचे चिरंजीव. शाळेत असताना आमच्या तेलाच्या डब्यावर बसून पाढे म्हणायचे, त्यामुळे 'साहेब' म्हणताना जीभ जरा अडखळते. सांभाळून घ्या.

मघाशी पाहुणे म्हणाले, मालकांना लहानपणापासून खाद्यक्षेत्रात क्रांती करायची होती. असेल. मला ते भेटले तेव्हा घड्याळं दुरुस्त करत होते. दुकान बसस्थानकासमोर. बस दहा मिनिटं थांबायची आणि प्रवासी धावत यायचे ते "किती वाजले हो?" एवढंच विचारायला. वर्षभरात दुरुस्तीला घड्याळं आली अकरा. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, वेळ फुकट सांगताय, निदान सोबत काही खायला तरी ठेवा." त्यांनीच स्टोव्ह मांडला. पावात ऑम्लेट, बाजूला तळलेले बटाट्याचे काप. झाली क्रांती.

पहिल्याच आठवड्यात आमच्या ऑम्लेटपायी एका बाईंची बस सुटली. त्या दवाखान्यात आईला बघायला निघाल्या होत्या. मालकांना दोन दिवस घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोडक्या घड्याळांचे भाग जोडून एक यंत्र केलं. मागणी घेतली की बटण दाबायचं, पाव हातात दिला की पुन्हा दाबायचं. नव्वद सेकंदांच्या वर गेलं की घंटा. आज ते प्रत्येक शाखेत आहे. आता घंटा वाजत नाही, आकडा थेट मुख्य कार्यालयात जातो.

पाच वर्षांपूर्वी कंपनी मुलाच्या हाती दिली आणि मालक गुपचूप माझ्या शेजारी खिडकीवर येऊन उभे राहिले. रोज सकाळी सहा ते दहा. कागदोपत्री 'खिडकी कर्मचारी, क्रमांक दोन'. आता त्यांचे हात कापतात. पावावर कागदाची घडी बसेपर्यंत तीन मिनिटं जातात. ज्यांची बस लागलेली असते त्यांना मी देते, बाकीचे मालकांशी गप्पा मारत थांबतात. पाच वर्षांत एक तक्रार नाही. आकडाही गेल्या महिन्यापर्यंत कधी नव्वदच्या वर गेला नाही. तो कसा गेला नाही, असं कुणी विचारलं का? नाही.

गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस रजा. परत आले तर पत्र येऊन पडलेलं: 'खिडकी कर्मचारी क्रमांक दोन यांना संथ कामामुळे सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.' खाली अध्यक्षसाहेबांची सही. त्या दिवशी अशी चाळीस पत्रं निघाली म्हणे, आणि त्यांत नावं नव्हती, नुसते क्रमांक होते.

मालकांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "ताई, नियम बरोबर आहे. माझाच आहे." घरी मात्र सांगितलं, आता दमलो, स्वतःहून थांबतोय. खरं काय ते कुणाला एकट्याला गाठून सांगू नकोस, अशी मला ताकीद दिली. म्हणून सगळ्यांना एकदम सांगतेय.

साहेब, मान खाली घालू नका. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. पण घरी बसवलं तर हा माणूस खचेल. मला त्याची फार भीती वाटते.

मला पाच मिनिटं दिली होती, किती झाली ते मालक सांगतील. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. यंत्राबद्दल मात्र माफी मागत नाही. पाच वर्षं मालकांच्या वाटचं बटण दुसऱ्यांदा मीच ऐंशीव्या सेकंदाला दाबत होते. उद्या सकाळी सहाला त्यांना खिडकीवर पाठवा. पुन्हा दाबेन.