अकरा दिवसांची दाढ

नाही गं, ती गरम पाण्याची पिशवी नको लावूस गालाला — ठेव खाली. अगं म्हटलं तर चालेल ना? माझ्या पुतणीएवढी दिसतेस. गरमानं सूज वाढते. गार फडकं ठेव बाहेरून आणि कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भर, डॉक्टर बघेपर्यंत तेवढं पुरे. कधीपासून दुखतेय, आज सकाळपासून? आणि लगेच आलीस — शहाणी आहेस. आमच्या यांना विचार. आत खुर्चीवर आहेत ते, अर्धा तास झाला. अकरा दिवस, बरं का, अकरा दिवस तो माणूस दाढ घेऊन घरात बसला, आणि घर कसलं, मोरी झाली होती नुसती.

बदाम फोडला दातानं, तिथून सुरुवात. जुनी भरलेली दाढ, निम्मी तुटून हातात आली. मी लवंगेचं तेल आणून दिलं. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घ्यायचा आणि धरायचा, ठणका जरा उतरतो — उतरतो म्हणजे दोन-तीन तास, दाढ काही त्यानं बरी होत नाही. यांनी बाटलीच उपडी केली तोंडात. हिरडीचं साल निघालं. मग नणंदेचा फोन. तिला कुणाचं दुखलं की उत्साह येतो. लसूण ठेचून भर म्हणाली, यांनी भरला. डोकेदुखीची गोळी गिळू नको, दाढेपाशी दाबून धर म्हणाली, ती धरली. सकाळी आरशात बघतात तर हिरडी पांढरी फटक, भाजल्यासारखी, आणि बोट लावलं की सुटून येतेय. ती बोटावर घेऊन मला दाखवायला आले — मी चहा पीत होते. बेसिनमध्ये चावलेल्या लवंगा, लसणाचा चोथा, त्यात ती पिवळी थुंकी, लांब तार धरलेली, नळ सोडला तरी हलायची नाही. उशीवर डाग. मी अंथरूण पुढच्या खोलीत नेलं तरी वास यायचा, लसणाचा वास आणि त्याच्या खालून तो दुसरा.

तुला किळस येतेय का? नको सांगू? बरं. पण मला किळस येणं म्हणजे काय ते ऐक. मी इस्पितळाच्या धुलाईत आहे, बावीस वर्षं. वॉर्डातल्या चादरी, ऑपरेशनचे कपडे, जखमांवरची फडकी, सगळं माझ्या हाताखालून जातं. रक्त गार पाण्यात, पू लागलेलं वेगळं काढायचं, वेगळ्या डब्यात — डोळे मिटून नुसत्या वासावर सांगते मी कुठल्या डब्यात टाकायचं ते. नव्या आलेल्या बायका ओकतात, मी शेजारी उभी राहून डबा खाते. तर तिसऱ्या दिवशी यांच्या उशीचा अभ्रा हातात घेतला आणि —

म्हणजे कळलंच की, आत पू झालाय. न कळायला काय झालं.

पुरुष ऐकतात का पण? भित्रे असतात दातांच्या बाबतीत. यांचा आवाज मात्र ऐकायला हवास तू. बसस्थानकात उद्घोषणा करतात, अमुक गाडी तमुक फलाटावर लागेल, ते हेच. आख्खा जन्म तेच काम. आणि घरी आलं तरी तेच चालू — आमटीत मीठ जास्त, तेसुद्धा चार घरांना ऐकू जाईल असं. आजही कपाट उघडं राहिलेलं आहे. आजही हिचा टॉवेल ओला पलंगावर. हिचं वजन, हिची माहेरची माणसं, हिच्या हाताला येणारा कामावरचा वास — जेवताना, खिडक्या उघड्या असताना. चाळीत भोंगा म्हणतात यांना, मला माहीत नाही असं समजून. मी जिना उतरते तेव्हा बायका माझ्याकडे बघतात ना, ते मला — असो. ते वेगळं.

तर दाढ सुजल्यावर जबडा उघडेना. बोलणं बंद. चौथ्या दिवशी मी जेवायला बसले, हे समोर पेज ओढत होते एका कोपऱ्यानं, निम्मी हनुवटीवरनं ओघळत, मला बघवत नव्हतं — आणि एकदम लक्षात आलं, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतोय. सव्वीस वर्षांत ते घड्याळ वाजतं हे मला ठाऊक नव्हतं. मी दोनदा भात घेतला. कुणी मोजला नाही.

नाही, भित्रे नव्हते. आता सांगायला बसलेच आहे तर — भित्रे नव्हते ते. पाचव्या दिवशी सकाळी शर्ट घालून, बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. गालाकडे बोट केलं, दाराकडे केलं. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन केला होता, पुढच्या आठवड्याशिवाय वेळ नाहीये. मी फोन केला नव्हता. त्यांनी मान डोलावली, बूट काढले. माझ्यावर विश्वास ठेवून बूट काढले गं. आणि मी लवंगेचं तेल आणलं, नवी बाटली. रोज आणून हातात देत होते मी, फडकं बदलत होते, शेजारणी म्हणाल्या, किती करतेस. वास सहन करत होते, ओकारी गिळत होते — आणि रात्री घड्याळ ऐकत निजत होते.

काल सूज गळ्याखाली उतरली. पाणी गिळवेना, अंग तापलेलं. कागदावर लिहून दिलं, श्वास घ्यायला जड जातंय. तेव्हा मात्र मी पायात काही न घालता रिक्षा बघायला धावले. इस्पितळात रात्रभर सलाइन, गळ्याखाली चीर देऊन पू काढला — वाटीभर, हिरवट. सलाइनची नळी काढल्यावर तिथल्यांनीच आज इथे पाठवलं, दाढ काढायला. तिथली डॉक्टरीण पोरगीच होती, तुझ्याएवढी. म्हणाली, मावशी, अजून एक दिवस गेला असता तर श्वास बंद पडला असता. इतके दिवस काय करत होता तुम्ही? मी म्हटलं, ऐकत नाहीत हो हे. लिहून घेतलं तिनं. रुग्णाने उपचार टाळले. हे पलंगावर पडून ऐकत होते सगळं, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

त्या वाटीकडे बघून मला काही झालं नाही. सवय आहे. पण हात धुवायला गेले तेव्हा आरसा होता तिथे, आणि माझं मलाच —

थांब. दार वाजलं. आले वाटतं.

अहो, सावकाश. इकडे, माझा हात धरा. झालं ना? बोलू नका, कापूस आहे तोंडात, नुसती मान हलवा. काय? कळत नाहीये. नका ना बोलू. काय म्हणताय — तू होतीस म्हणून?

गप्प बसा. रक्त येईल.

जा गं तू आत, तुला बोलावतायत. जा म्हटलं ना. इकडे काय बघतेस.