छातीवरचा दगड

दवाखान्यात रांगेत बसलेल्या काकूंच्या कानावर शेजारच्या दोघी जावांचं बोलणं पडत होतं.

“ताई, अर्धशिशीनं सकाळपासून घोटभर पाणी ठरत नाही पोटात, तरी इंजेक्शन नको?”

“मागच्या वेळी इंजेक्शननं डोकं दुखायचं थांबलं, पण छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“गुण आला होता ना, मग तक्रार कशी करायची?”

“तुम्ही ब्लाउज शिवता ना? घट्ट होतोय हे गिऱ्हाईकानं सांगितलंच नाही, तर तुम्ही काय उसवायचं?”

थोरली आत गेली. तासाभरानं सावकाश बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“छातीचं सांगितलं, तर आधी ईसीजी काढला, तो नीट आला. मग इंजेक्शनचा डोस निम्मा करून दिला.”

“छाती?”

“मोकळी आहे.”

“आणि डोकं?”

“डोक्याचं काय विचारतेस, काहीतरी खायला बघ. भूक लागलीय मला.”