खिंडीतली रास

—नाही नाही, ती वही आधी मिटा, रावसाहेब. ओव्हरशियरनं तुम्हाला जे लिहून दिलंय ना, ते त्यानं ठाण्यात खुर्चीवर बसून लिहिलंय — उंटावरून शेळ्या हाकतो तो — आणि हा रस्ता मी केलाय, मी, सहदेव मुकादम, कळव्याच्या या धक्क्यापासून पार शिळेपर्यंत, मुरूम मी टाकला, खडी मी दाबली, तेव्हा वाटा विचारायच्या तर मला. बसा. पायगाडी टेकवा त्या वडाला. पडेल? पडू द्या, घोडं थोडंच आहे ते पाय मोडायला. माझा जरा डोळा लागला होता, तुम्ही होडीतून कधी उतरलात कळलंच नाही, आणि आता ओहोटी सरत आली तरी होडी अजून घटकाभर चिखलात — पण तुम्हाला काय त्याचं, तुम्ही अलीकडे आलातच. काय म्हणता? थांबा, मी सांगतो.

मला सगळं ठाऊक आहे. मुंबईच्या क्लबातले तीस साहेब नाताळात पायगाड्या घेऊन येणार, कल्याणला जाणार, चहा पिणार, परत येणार. कल्याणात काम काय? काही नाही! आगगाडी आहे, छप्पर आहे, बसायला बाक आहे — पण नाही, आपल्याच पायांनी चाक फिरवायचं, घाम गाळायचा आणि त्याला मौज म्हणायचं. आमच्या खडी फोडणाऱ्या बायकांना सांगितलं तर त्या हातोड्या टाकून हसल्या. रंगूबाई म्हणाली, काम नसताना घाम? मग साहेबाला बोलवा इकडे, माझी पाटी घेईल. आणि त्या तिसांच्या आधी तुम्ही, वाटा बघायला — पायात साहेबाचे मोजे, डोक्यावर बापाची पगडी, अर्धं विलायतेत आणि अर्धं ठाण्याच्या नौपाड्यात! रागावू नका. माझी जीभच तशी आहे. शेवंती म्हणायची — शेवंती म्हणजे आमची बायको — म्हणायची, तुमच्यासमोर माणूस बसला की त्याचं तोंड गळून पडतं, नुसते कान उरतात.

तर वाटा तीन. एक खाडीच्या कडेनं, मिठागरांच्या बांधावरून — दिसायला काय सुंदर, पांढरे बगळे, पांढरं मीठ, साहेब टोपी काढील — आणि पाचव्या हातावर चाक बांधात रुतेल, साहेब डोक्यावर मिठात, अगदी लोणच्यासारखा मुरेल. ती सोडा. दुसरी माळावरून. सपाट आहे, मी नाही म्हणत नाही, पण बाभळी. तुमच्या त्या रबरी धावेत वारा भरलेला असतो ना? बाभळीचा काटा एक, आणि गेला वारा. तीस साहेब माळावर उकिडवे बसून काटे काढतायत — डोळ्यांपुढे आणा! बैलगाडीच्या लोखंडी धावेला काटा लागल्याचं ऐकलंय कधी? तीही सोडा. उरली रानातली, पारसिकच्या खिंडीतून. तीच लिहा. चढ आहे? आहे. खडी टोकदार आहे? आहे, माझ्याच हातची आहे, लपवत नाही. पण सावली, करवंदीच्या जाळ्या, झऱ्याचं पाणी. आणि खिंडीत वाघोबा. तीसच्या तीस साहेबांना तिथूनच न्या, आणि प्रत्येकाला खिंडीत उतरून एक दगड टाकायला सांगा. एवढंच. रीत आहे.

कसली रीत? नौपाड्यात राहून हेही ठाऊक नाही? अहो, खिंडीतून जाणाऱ्यानं वाघोबापुढे एक दगड टाकायचा — नीट पोचव बाबा, नीट परत आण — पिढ्यान् पिढ्या टाकतायत, माणसाच्या डोक्याच्या वर रास होती तिथं. होती म्हणजे — होती. आता नाही. हे बघा, तुम्ही शिकलेले, तुम्हाला पटेल. मोठा साहेब रस्ता बघायला येणार, चार दिवस राहिलेले, खाणीवरचे बैल खुरकुतानं बसलेले, आणि खिंडीतल्या दोनशे हात रस्त्याला खडी नाही. आणि शेजारी एवढी रास, आयती, कुणी माझ्याचसाठी रचून ठेवल्यासारखी! कुणी हात लावेना. काळुराम तर घण टाकून घरी गेला. मग मी फोडली. मी एकट्यानं, दोन दिवस. साहेब आला, घोड्यावरून उतरलासुद्धा नाही, व्हेरी गुड म्हणाला आणि गेला. व्हेरी गुड! 

शेवंतीचं माहेर खिंडीपलीकडे, दिवा गावात. जाताना एक दगड टाकायची, येताना एक. आमची एक पोर होती — उत्तरा — तिला पहिल्यांदा माहेरी नेली तेव्हा तिच्या मुठीत देऊन ठेवलेला एक, लिंबाएवढा, गुळगुळीत, खाडीतला. पोर तापानं गेली. दगड राहिला. शेवंती जाता-येता त्याला बोट लावायची, मी बघायचो, बोलायचो नाही. खरंच, तेवढ्यापुरता गप्प असायचो. तर रास फोडल्यावर ती आली खिंडीत, रस्त्याकडे बघत राहिली, सगळी मंडळी उभी, आणि विचारते, पोरीचा कुठला, दाखवा. आता काय दाखवू? त्यातला कुठला कुणाचा, मला तरी कळलं होतं का? आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, मुकादमाला काही बोलता येतंय का म्हणून — तर मी म्हणालो, तो बघ, ज्याच्यावर बैलानं शेण टाकलंय ना, तो.

हसले लोक. दोघं-तिघं. मीही हसलो.

असं बघू नका. तोंडातून गेलं. ती तशीच दिव्याला गेली, रस्त्याच्या कडेच्या गवतातून, खडीवर पाय न ठेवता. आषाढात गेली, आता मार्गशीर्ष लागला. मी एक गाडीभर दगड नेऊन ओतले खिंडीत, तर तिच्या भावाकडून, दौलतकडून तिचा निरोप — गाडीनं ओतलेली रास वाघोबाची नव्हे, सरकारची. वाटसरूंनी एकेक टाकून माझ्या खांद्याला लागली की येईन. म्हणून बसतो इथं, सुटीचा. हा ढीग बघितलात? खाडीतले, धुऊन ठेवलेले. प्रत्येक वाटसरूच्या हातात एक देतो. भाजीवाल्या, भट, कोळणी, एक पाद्रीसुद्धा गेला घेऊन! तीनशेवर माणूस गेला असेल, आणि रास? अमावास्येला जाऊन बघतो, गुडघ्याच्या वर सरकत नाही. लबाड लोक, वळणावर फेकून देत असतील. पण तुमचे तीस साहेब एकदम! साहेब शब्दाचा पक्का असतो. आणि तिलाही ओढ आहे, हं. दर मंगळवारी खिंडीत येते म्हणतात, एकटीच, तासन् तास थांबते. ओढ असल्याशिवाय कोण एवढं चढून येतं? रास किती वाढली तेच बघत असणार. मला करमत नाही हो तिच्याशिवाय. घरात बोलतो आणि भिंती ऐकतात.

आज मंगळवारच, नाही का? मग हा घ्या, तुमचा दगड, खिशात मावेल. आणि चाकाला हे तांबडं काय लागलंय? ठाण्यात कुठं सापडला तुम्हाला तांबडा मुरूम? हा तर खिंडीतला — काय? कल्याणहून? काल आगगाडीनं गेलात आणि आज पहाटे निघून खिंडीतून — म्हणजे तुम्ही होडीची वाट बघत बसलायत? मग मघापासून बोलला का नाहीत!

हो. मी बोलू दिलं नाही. बोला आता.

होती? हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण — तीच. काय करत होती, फूल वाहत होती? टोपली? कसली टोपली... राशीतले दगड? राशीतले काढून? दरीत. एकेक की — भरभरून. आणि तुम्ही काय केलंत? हात लावलात! बाईमाणूस ओझं उचलतंय म्हणून चार टोपल्या तुम्ही टाकल्यात. वा, रावसाहेब. रडत होती? नाही. गाणं? गुणगुणत होती. बरं.

निरोप आहे? माझ्यासाठी? सांगा की. सांगा, मी मध्ये बोलत नाही.

'दगड धाडू नका.'

आणखी? एवढंच.

भरती लागलेली दिसते. होडी हलली बघा, निघा. वहीत माळाची वाट लिहा, रावसाहेब, काटे तसे फार नाहीत. आणि तो दगड — नको, खाडीत नका टाकू. द्या इकडे.