उदबत्ती आणि मुतखडा

आमचे लोक मूळचे कुठले म्हणाल तर मला नीट सांगता येणार नाही. कुण्या काळी फौजेबरोबर खाली आले, तंबू शिवायला, मग फौज परत गेली नाहीतर संपली आणि आम्ही सुईदोरा घेऊन इथंच राहिलो असं माझे अण्णा सांगायचे, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि दर वेळी मूळ गावाचं नाव वेगळं सांगायचे, म्हणून मी आपलं धरून चालते की चामराजपेट हेच आमचं गाव. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कानडी. माहेर शिंप्याचं, सासरही शिंप्याचं. नाव माझं अंबूबाई, पण पेठेत सगळे अंबक्का म्हणतात, तुम्हीही म्हणा.

लग्न होऊन आले तेव्हा सासू गेलेली होती, मूल अजून झालं नव्हतं, आणि हे दिवसभर मशीनवर, मशीनची खटखट आणि मी, बोलायचं कुणाशी. शेजारची रत्नम्मा म्हणाली, घरात भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा चल माझ्याबरोबर उदबत्ती वळायला. आमच्या गल्लीच्या टोकाला यजमानांचं घर, यजमान म्हणजे मालक, आणि घरामागं कौलारू लांब पडवी, तिथं आम्ही बायका ओळीनं बसायचो, समोर बुटका लाकडी पाट, कोळशाची पूड आणि जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड, कालवून मळलेला काळा गोळा, आणि बांबूच्या काड्या. काडीवर गोळा ठेवायचा, हातानं एकदा पुढं एकदा मागं, झाली बत्ती. मनगटापर्यंत हात काळे. नवीन होते तेव्हा माझी बत्ती एका टोकाला जाड व्हायची, रत्नम्मा म्हणायची, अंबक्का, ही बत्ती आहे की तुझ्या नवऱ्याची मिशी. मी म्हणायचे, मिशी असती तर मी इथं कशाला आले असते, ती कुरवाळत घरीच बसले असते. ओळच्या ओळ हसायची.

काय सांगू तुम्हाला, ते दिवस आठवले की अजून नाकात वास येतो, चंदनाचा एक, मोगऱ्याचा एक, आणि दोन्हींच्या खाली कोळशाचा. कुणी गौरीची गाणी म्हणायची, तेलुगूवाली कुणी तेलुगू म्हणायची, मी मराठी ओव्या म्हणायचे, अर्थ कळायचा नाही तरी सगळ्या शेवटचा शब्द लांबवायच्या. दुपारी डबे उघडले की हिची चटणी तिला, तिचं सारू, म्हणजे आपलं सार, हिला. इतकं हसणं मी पुन्हा कुठं हसले नाही, माहेरातही नाही.

पण एक होतं. यजमानांची आई, त्यांना आम्ही दोड्डम्मा म्हणायचो, त्या पडवीच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि त्यांची मडी फार कडक, मडी म्हणजे आपलं सोवळं. उदबत्ती देवापुढं लागायची वस्तू, म्हणून सकाळी आंघोळ करून यायचं, आणि मधे कुणी लघवीला गेली तर पुन्हा आंघोळ केल्याशिवाय गोळ्याला हात लावायचा नाही. आता पुन्हा आंघोळ करायची कुठं, न्हाणीघर त्यांच्या घरात, त्यात आम्हाला मज्जाव, परसात संडास होता त्याला कडी, आणि ती दोड्डम्मांशिवाय कुणी काढायची नाही. म्हणजे गेलीस तर घरी जा आणि उद्या ये, आणि उद्या आलीस तर तुझ्या पाटावर दुसरी कुणी बसलेली दिसणार. मग आम्ही काय करायचो, पाणीच प्यायचो नाही. सकाळी घरून येताना नाही, जेवताना नाही, उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची तेव्हा खडीसाखर चघळायची. आणि ऐका, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. देवाचं काम आहे, थोडं सोसायचं, असं मी स्वतः नवीन आलेल्या पोरींना समजावून सांगत होते. आज राग येतो, बाईला मूत येतं हे देवाला ठाऊक नव्हतं होय, त्यानंच तर घडवली. पण तेव्हा राग नव्हता, तेव्हा फक्त तहान होती.

असं करता करता वर्षं गेली आणि एका दुपारी पाटावर बसल्या बसल्या माझ्या डाव्या कुशीत कुणी आकडा अडकवून ओढावं तशी कळ आली. मी काड्यांवरच आडवी झाले. दोड्डम्मांनी आतून सुंठ आणि ओवा पाठवला, हे मी कबूल करते, बाई कठोर होत्या पण दुष्ट नव्हत्या. त्या म्हणाल्या पोटात वारा धरलाय. रत्नम्मा म्हणाली वारा असला तर निघेल, आपण दार उघडं ठेवू. कळ येत होती तरी मला हसू आलं आणि हसले तशी आणखी कळ आली.

घरी गेले तर लघवीला लाल. मला वाटलं पाळी आली, वेळेच्या आधी आली. झालं, आमच्या रिवाजाप्रमाणं बाजूला बसले, आणि बाजूला बसलेल्या बाईला काम नाही, आपला चंबू आपल्याजवळ, तर मी नुसती पाणी पीत पडून राहिले आणि पोट हलकं झालं. मला वाटलं पाळीचं दुखणं होतं, गेलं. पुन्हा कामावर, पुन्हा पाणी बंद, पुन्हा कळ, पुन्हा लाल, पुन्हा बाजूला. माझं मलाच कळेना की महिन्यात इतक्यांदा पाळी कुणाला येते. शेवटी यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाले, अंबू, माझं एक गिऱ्हाईक बसवनगुडीच्या डॉक्टरकडं जातं, ते डॉक्टर फक्त लघवीचे आजार बघतात, उठ. मी म्हणाले, शी, त्यासाठी कुणी वेगळा डॉक्टर होतं का. ते म्हणाले, झालाय बघ एक, उठ.

जटक्यातून गेलो. जटका म्हणजे घोड्याची गाडी, तेव्हा पेठेत तीच. रस्त्यात दगड आला की मी यांचा हात दाबायचे आणि हे घोडेवाल्याला म्हणायचे स्वल्प हळू, स्वल्प हळू, आणि घोडेवाला म्हणायचा मी हळूच आहे स्वामी, रस्ता जोरात आहे. दवाखाना म्हणजे साधं घर, पुढं चाफा, आत एका खोलीत एक्स-रेचं यंत्र. डॉक्टर बुटके, जाड चष्म्याचे, आवाज बारीक. कानडीत विचारलं, अम्मा, दिवसाला पाणी किती पिता. मी खाली बघितलं. परक्या पुरुषापुढं, नवरा शेजारी, लघवीचं काय बोलायचं. त्यांना कळलं असणार, त्यांनी नर्सला हाक मारली आणि यांना बाहेर चाफ्याखाली बसवलं. नर्स मंगळूरकडची होती, मी तिला अक्का म्हणाले. तिनं दार लावलं आणि म्हणाली, आता सांग. मग मी सगळं सांगितलं, मडी, कडी, खडीसाखर सगळं. ती ऐकत होती आणि तिचं तोंड लाल होत चाललं होतं.

दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी बोलावलं, आदल्या दिवशी एरंडेल पाजलेलं, दंडात एक औषध टोचलं, अंगातून गरम लाट गेली, मग लोखंडी टेबलावर निजवून फोटो काढले. डॉक्टर म्हणायचे श्वास धरा, आणि मी धरायचे, धरून ठेवायची मला सवयच होती. उठले तर पांढऱ्या चादरीवर माझ्या दोन तळव्यांचे काळे ठसे, कोळसा किती धुतला तरी रेषांत राहतो. मी लाजले, नर्सअक्का म्हणाली राहू दे, सही झाली तुझी.

मग डॉक्टरांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. म्हणाले, हे बघा, अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यासारखी दिसतात ती मूत्रपिंडं. उजवं ठीक आहे. डावं फुगलंय, कारण खाली नळीत हा पांढरा ठिपका अडकलाय, हा मुतखडा. लहान आहे, भरपूर पाणी प्यालात तर आपण होऊन पडेल. दर वेळी स्वच्छ फडक्यातून गाळून बघा आणि पडला की घेऊन या. पुढच्या खेपेपर्यंत नाही सरकला तर कुशीतून कापून काढावा लागेल, आणि तुम्ही येण्याचं टाळलंत तर ते मूत्रपिंडच जाईल. मी म्हणाले, हुरळीचं, म्हणजे कुळथाचं, कढण चालेल का, केळीच्या गाभ्याचा रस चालेल का. म्हणाले, सगळं प्या, पण त्याच्या आधी पाणी, त्याच्या नंतर पाणी.

बाहेर हे म्हणाले, काम सोड, घरी बसून पाणी पी. बरोबरच होतं त्यांचं. पण तो पाट सोडायचा, ती ओळ, रत्नम्मा, आणि पुन्हा भिंत आणि मशीनची खटखट. मूत्रपिंड राखायचं तर पाट जातो, पाट राखायचा तर मूत्रपिंड जातं.

तेवढ्यात नर्सअक्कानं बाटलीत लघवी तपासायला आणून दे म्हणून मागच्या खोलीत बोलावलं. ती खोली मी जन्मात विसरणार नाही. लांब फळी, फळीवर सगळ्या रोग्यांच्या लघवीच्या बाटल्या ओळीनं, पिवळ्या, लाल, गढूळ, आणि बरोबर मधोमध, केळ्यात खोचलेली, उदबत्ती जळत होती. शेजारी पुडा. पुड्यावर देवीचं चित्र, आमच्याच यजमानांचा छाप. मी विचारलं, अक्का, ही इथं कशाला. ती म्हणाली, वास घालवायला, दुसरं कशाला, रोज लागते, बरी आहे हो ही कंपनी.

मी तिथंच फळीला धरून हसायला लागले. कूस धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. ज्या बत्तीला विटाळ नको म्हणून मी वर्षानुवर्षं लघवी दाबली, ती इथं कुणाकुणाच्या लघवीपुढं उभी राहून जळत होती, आणि सुगंधही तितकाच देत होती, कणभर कमी नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती हातात पाण्यानं भरलेला चंबू घेऊन. दसऱ्याचा माल निघायचा होता, पडवी भरलेली. मी पाटावर बसले आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याले. दोड्डम्मा म्हणाल्या, अंबू, हे काय. मी म्हणाले, औषध. त्या म्हणाल्या, मग मधे उठावं लागेल. मी म्हणाले, लागेल. त्या म्हणाल्या, मडी मोडेल. तेव्हा मी ती बाटल्यांची फळी सांगितली. दोड्डम्मांनी फार गंभीरपणे विचारलं, चंदन होतं का मोगरा. मी म्हणाले, चंदन. त्या म्हणाल्या, तिथं चंदन कशाला, मोगरा पुरला असता. आणि रत्नम्मा फुटली. ती हसली तशी शेजारची हसली, ओळ हसत गेली, आणि रत्नम्मानं माझ्या हातातला चंबू ओढला, तोंड वर करून प्याली आणि पुढं दिला, पुढचीनं पुढं दिला. रिकामा झाला तशी एक उठली आणि गल्लीतल्या नळावरून भरून आणला.

दोड्डम्मा म्हणाल्या, सगळ्यांनाच घरी पाठवीन. रत्नम्मा म्हणाली, सरी, बरं, पाठवा, दसऱ्याला देवीपुढं तुम्ही एकट्या बसून वळा. आम्ही कुणी ओरडलो नाही. नुसत्या हात मांडीवर ठेवून बसलो, काळे हात, ओळीनं. त्या उठून आत गेल्या. मग परसातून कडी सरकल्याचा आवाज आला. गेले तर संडासाचं दार उघडं, बाहेर भरलेला हंडा, आणि त्या पाठमोऱ्या उभ्या. म्हणाल्या, हातपाय धुवून शिवा, एवढं तरी ठेवा. मी म्हणाले, एवढं ठेवतो. त्या दिवसापासून ती कडी लागली नाही.

खडाही तिथंच पडला, बघा, त्याच परसात. आधी जीव जातोय असं वाटलं, मग एकदम सुटल्यासारखं, आणि यांनी शिवून दिलेल्या मलमलीच्या फडक्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढा खडबडीत तपकिरी खडा. दाराबाहेर रत्नम्मा उभी, विचारते काय झालं, मुलगा की मुलगी. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, डाव्या मूत्रपिंडाची सूज उतरली होती, म्हणाले सुरी टळली. मी नर्सअक्काला मीच वळलेला पुडा दिला आणि म्हणाले, मोगरा आहे, फळीवर लावा, मालकिणीचा निरोप आहे.

आता ती पडवी नाही, तिथं चार मजली इमारत उभी आहे. दोड्डम्मा गेल्या तेव्हा त्यांच्या उशाशी आमचीच बत्ती होती, मी लावली, हातपाय धुवून. हे गेले. रत्नम्मा मुलाकडं इंदिरानगरला असते, ऐकू कमी येतं, पण फोनवर अजून विचारते, पाणी प्यालीस का. सकाळी मी आधी चंबूभर पाणी पिते, मग देवापुढं बत्ती लावते, या वयाला उलटसुलट काही उरत नाही. तुमच्या वयाच्या पोरी नोकरीला जातात त्यांना मी एवढंच म्हणते, जिथं बसाल तिथं आधी कडी कुणाच्या हातात आहे ते बघा. सुखात राहा, तहान लागेल तेव्हा पाणी मिळो. आणि हे काय, आल्यापासून लिहिताय, मी ठेवलेला तांब्या तसाच भरलेला. प्या आधी. मोरी मागं उजव्या हाताला आहे, लाजायचं नाही.