घेवढा

लेक : कात्री आधी खाली ठेव.

आई : अगं, नुसता कोपरा कापते. खायची कुठे आहे मला?

लेक : कोपराही नाही. बघ कशी उशीसारखी फुगलीये पिशवी. दे इकडे.

आई : चार दिवस मावशीकडे काय राहिले, स्वयंपाकघरात तुझं राज्य सुरू झालं वाटतं.

लेक : राहा की महिनाभर. पण जाताना मेन स्विच कशाला खाली केलास?

आई : सवय. हे कायम म्हणायचे, कुलूप लावण्याआधी मेन बंद.

लेक : आणि मेन बंद करण्याआधी बाबा फ्रीज रिकामा करायचे. तू अर्धंच ऐकलंस.

आई : बेचाळीस वर्षं सगळं ऐकलं. ते गेल्यावर एकदा अर्धं राहिलं, तर एवढं बोलतेस?

लेक : बोलत नाही गं. फ्रीजरमधलं बाकीचं सगळं सडलं म्हणून टाकलं ना? मग ही एक शेंगांची पिशवी कशाला पदराआड धरलीयेस?

आई : हिला वास नाही. बघ हुंगून.

लेक : वास नसतो, हीच तर खोड आहे. हवा नसली की पुष्कळ जंतू गप्प बसतात, पण एक जात अशी असते, की तिला हवा नसलेलीच जागा आवडते. थंडी गेली की ती माजते. तिचं विष दिसत नाही, हुंगून कळत नाही, आणि चिमूटभर चाखलं तरी पुरतं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मी रोज हेच घोकून घेते सगळ्यांकडून.

आई : हे म्हणायचे, हवा म्हणजे चोर. चोर हाकलला की माल आपला.

लेक : सगळे चोर बाहेरून येत नाहीत, आई. काही आधीच घरात बसलेले असतात. त्यांना थंडीनेच धाकात ठेवावं लागतं.

आई : काय डोकं होतं बघ त्या माणसाचं! पंपातला चामड्याचा वायसर उलटा बसवला आणि सायकलचा पंप हवा भरायच्या ऐवजी ओढायला लागला. दिवसभर दुकानात लोकांच्या चाकांत हवा भरायची आणि घरी येऊन भाजीच्या पिशव्यांतली काढायची.

लेक : आणि तोंड बंद करायला इस्त्री. माझ्या शाळेच्या फ्रॉकला वितळलेलं प्लास्टिक लागलं होतं, आठवतं?

आई : तू दोन दिवस बोलली नव्हतीस त्यांच्याशी.

लेक : ते फ्रॉकवरून नाही. ते घेवड्यावरून.

आई : अगंबाई, हो. शुद्धलेखन.

लेक : वहीत लिहिलं ‘घेवढा’. बाईंनी लाल शाईने गोल केला आणि साऱ्या वर्गाला दाखवला. मी म्हटलं, आमच्या घरी पिशवीतल्या चिठ्ठीवर असंच असतं. सगळे हसले. घरी येऊन बाबांना म्हटलं, ढ नाही, ड असतो.

आई : मग काय म्हणाले?

लेक : तुला माहितीये.

आई : तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे.

लेक : म्हणाले, एवढा, तेवढा, केवढा, सगळ्यांना ढ दिला; घेवड्याने एकट्याने काय पाप केलंय? आणि घरात एक तरी ढ हवाच, नाहीतर तुझी हुशारी कशी कळणार?

आई : मीही त्यांच्याच हाताखाली शिकले ना. पंचेचाळिशीला आले तरी पाटी कोरी होती. एकदा वाटाणे समजून मिरच्या काढल्या. तेव्हापासून प्रत्येक पिशवीत चिठ्ठी. म्हणाले, आता वाच आणि मग शिजव, नाहीतर उपाशी बस. पेन्सिल अशी दाबायचे, की अक्षर मागून उठायचं. मी आधी बोटाने वाचायचे, मग डोळ्यांनी.

लेक : हे मला कधी सांगितलं नाहीस.

आई : तू शाळेत असायचीस.

लेक : म्हणून कात्री?

आई : त्यांनी बंद केलेली शेवटची पिशवी आहे ती. दोन वर्षं मी खाल्ली नाही. शेंगा जाऊ देत गं चुलीत, मला चिठ्ठी हवीये. बाहेर चिकटवली की गारठ्याने गळून पडायची, म्हणून हे आतच टाकायचे.

लेक : चिठ्ठी त्याच पाण्यात भिजलीये, आई. फोटो काढून देते. प्लास्टिकमधून ‘घेवढा’ स्वच्छ दिसतंय.

आई : फोटो बोटाला लागत नाही.

लेक : एक सांगू? ही न कापता ठेवायला घट्ट बंद डबा मागितला असतास, तर दिला असता. चिठ्ठी पुसून देता आली असती, तर रात्रभर पुसत बसले असते. पण ही कापायची नाही. तुझा हात, ही कात्री, तो ओटा, कुठे काय उडेल सांगता येत नाही. बाबांच्या चिठ्ठीपायी तुला काही झालं, तर मी कुणाची चिठ्ठी वाचत बसू?

(नळ सुरू होतो, बंद होतो.)

आई : घे. दुसऱ्या पिशवीत घालून बांध. लांब टाक, कुत्र्यामांजरांनी फाडायला नको.

लेक : टाकते. आधी हात धू. साबणाने.

आई : धुतले की. आता वेलावरच्या शेंगा काढल्यात, त्यांचं करू. ह्यांनीच राखलेल्या बियांचा वेल आहे. ते तुझं हवा ओढायचं यंत्र लाव.

लेक : आधी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, मग कोरड्या पुसायच्या. कच्च्या नाही कोंबायच्या.

आई : हे मला शिकवतेस होय! चार बोटं जागा सोडायची, काठ कोरडा ठेवायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. आणि चिकटवलेला जोड गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

लेक : बघ, बाबांचं बाकी सगळं बरोबर होतं.

आई : बाकी सगळं म्हणजे?

लेक : काही नाही. तू चिठ्ठी लिही. तारीख घाल.

आई : पेन नको. पेन्सिल दे.

लेक : हळू, टोक मोडशील. झालं? बघू... आई.

आई : चुकलं?

लेक : हे अक्षर तर...

आई : दुसरं कुठलं येणार मला? एकाच मास्तरापाशी शिकले. आणि ढ आहे म्हणून लाल शाई काढू नकोस.

लेक : नाही काढत. मागूनही उठलंय. हे बघ, बोट फिरव.

आई : उठलंय खरं.

लेक : आत टाकू?

आई : नको. बाहेर लाव, वरून चांगली रुंद चिकटपट्टी मार. माझ्यामागे तुला कात्री लागायला नको.